सरदाराची पिल्लं

४ मार्च

चि. फौजदारीणबाईंस मामाचा भरघोस आशीर्वाद.

लहानपणी "मामा, माशांना पापण्या नाहीत, मग ते झोपतात कसे?" असं विचारून विचारून तू माझं डोकं खायचीस, तेव्हा तुला हे नाव ठेवलं होतं. आता खरोखरच तपासाचं काम निघालंय, तर नावाला जाग.

सोबतच्या खोक्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत. प्रत्येकीत स्पिरिट आणि माशाच्या कल्ल्याजवळच्या पराचा नखाएवढा तुकडा. एक बाटली माझ्या सरदाराची. सरदार तुला आठवत असेलच. आपल्या हॅचरीतला सगळ्यात मोठा कार्प, माझ्या हातून खातो, मी शीळ घातली की काठाशी येतो. बाकीच्या बाटल्या माझ्या साडूच्या तळ्यातल्या माशांच्या. ते मासे म्हणजे सरदाराची पिल्लं आहेत आणि साडूनं ती माझ्याकडून चोरलेली आहेत. तोंडवळा तोच, हट्टीपणा तोच, जाळं टाकलं की तळाशी बसून राहायची खोडही तीच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण आमच्या मत्स्यपालक संघाला आरसा हवा आहे. तुम्ही प्रयोगशाळेत माशांचे आईबाप शोधून काढता असं तुझी आई फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगत होती. तर काढ शोधून.

संघाची सभा एप्रिलच्या शेवटी आहे. घाई नाही, पण लवकर कर.

तुझा,
मामा

---

१३ मार्च

प्रिय मामा,

खोकं पोचलं. वासानं आमचं अख्खं ऑफिस शिंकतंय. बाटल्यांवर तू चिकटवलेल्या चिठ्ठ्याही पोचल्या, पण कोऱ्या. तू शाईनं लिहिलंस, एक बाटली पाझरली आणि स्पिरिटनं सगळी शाई धुऊन नेली. आता माझ्याकडे एक बाप आहे, बरीच पोरं आहेत आणि त्यातला बाप कोणता ते ठाऊक नाही. हेच शोधायचं होतं म्हणा. पुन्हा पाठव, आणि या वेळी साध्या शिसपेन्सिलीनं लिही. पेन्सिल स्पिरिटला भीक घालत नाही.

काम कसं होतं तेही सांगते, म्हणजे नंतर माझ्याशी भांडायला नको. माशाच्या डीएनएमध्ये काही ठरावीक जागा आम्ही तपासतो. प्रत्येक जागी दोन आकडे सापडतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पिल्लू सरदाराचं असेल तर तपासलेल्या प्रत्येक जागी सरदाराचा एक तरी आकडा त्याच्यात दिसलाच पाहिजे. एखाद्या जागी चुकला तर मी पुन्हा तपासून बघेन. जागोजागी चुकला तर सरदार बाप नाही. तोंडवळा आणि हट्टीपणा आम्ही मोजत नाही.

आणि हे तुकडे तू साडूकाकांच्या तळ्यातून आणलेस कसे? तीन वर्षं तुम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही ना?

तुझी,
भाची

---

२० मार्च

चि. फौजदारीणबाई,

पेन्सिलीनं लिहिलं आहे. पेन्सिल तुझ्या मामीची, ती दोनदा चावून मग देते.

तुकडे मामीनंच आणले. भांडण माझं आणि साडूचं, त्या दोघी सख्ख्या बहिणी. आमच्या सामायिक हॅचरीची वाटणी झाल्यापासून एकमेकींच्या घरी जाणं बंद आहे, पण बाजारात योगायोगानं भेटतात. दर आठवड्याला योगायोग होतो. या वेळी धाकटीनं पिशवीतून चार-सहा मासे आणले आणि मामीनं ते कापून बाटल्या भरल्या. साडूला पत्ता नाही.

आता तुला खरं सांगतो. मागच्या महिन्यात संघाच्या ऑफिसात चहा चालू असताना साडू म्हणाला, "यंदा माझं मत्स्यबीज तुमच्यापेक्षा सरस आहे." माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, "सरस असणारच, माझ्या सरदाराचं आहे ते!" तो म्हणाला, "सिद्ध करा." मी भर ऑफिसात टेबलावर हात आपटून म्हणालो, "ती पिल्लं माझ्या सरदाराची नसली, तर सरदार तुझ्या तळ्यात आणून सोडीन." अध्यक्षांनी ते सभेच्या विषयपत्रिकेत घेतलं. ते फार मन लावून ऐकतात, नको तेव्हा.

तेव्हा समजून घे. सरदार गेला तर मी सकाळी उठून शीळ कुणाला घालू? तुझ्या मामीनं तिला शीळ घालायची सक्त मनाई केली आहे.

मामा

---

२ एप्रिल

प्रिय मामा,

बसून वाच. काठावर बसू नकोस, खुर्चीत बस.

चौथ्या बाटलीतला मासा कार्प नाही. गोड्या पाण्यातलाच नाही. तो समुद्रातला मासा आहे. प्रत्येक जातीचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे यात शंकेला जागा नाही. तो साडूकाकांच्या तळ्यात कसा पोचला हे मला माहीत नाही.

बाकीचे सगळे कार्प आहेत. त्यांचा बाप एकच आहे असं दिसतं. पण तो सरदार नाही. एखाद्या जागी नव्हे, अर्ध्याहून जास्त जागी सरदाराचा एकही आकडा जुळत नाही. मी सगळं पुन्हा करून बघितलं. उत्तर तेच.

मला वाईट वाटतंय मामा. खरंच.

भाची

---

६ एप्रिल

बाळ,

समुद्रातला मासा आपल्या स्वयंपाकघरातला. कोळिणीकडून घेतला होता, निवडता निवडता एक तुकडा चौथ्या बाटलीत टाकला. म्हटलं बघू या, पोरीचं यंत्र खरं बोलतं की आपलं मोठ्यांना बरं वाटेल ते सांगतं. खरं बोलतं. शाबास. आता मात्र ते जरा कमी खरं बोललं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या मामांनी आधी "साडूनं तळ्यात समुद्र सोडलाय" म्हणून अर्धा दिवस घर डोक्यावर घेतलं. मी तुकड्याचं सांगितल्यावर दोन तास माझ्याशी अबोला धरला. त्यानंतर जे टाकीपाशी जाऊन बसलेत ते उठायला तयार नाहीत. ताट टाकीपाशी नेलं तर अर्धं सरदाराला घालतात. तो मेला खातोही.

काहीतरी मार्ग काढ.

मामी

---

७ एप्रिल

चि. फौजदारीणबाई,

तुझं यंत्र बिघडलं आहे. कोणतं यंत्र बिघडत नाही? माझा पाण्याचा पंप नवा असताना बिघडला होता.

खात्री करण्यासाठी आता माझ्या स्वतःच्या हॅचरीतली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाठवतोय. ही डोळ्यांदेखत माझ्या हातांनी, सरदाराकडून तयार केलेली आहेत. यांचा बाप सरदार आहे याबद्दल ब्रह्मदेवालाही शंका नाही. तुझं यंत्र यांनाही "सरदाराची नाहीत" म्हणालं की ते खोटं पडलं, विषय संपला. शिवाय माझ्याकडच्या सगळ्या नरांचे तुकडेही पाठवतो, म्हणजे उद्या तू अमुक पाठवलं नाही, तमुक पाठवलं नाही असं म्हणायला नको. त्यात एक फाटक्या आहे. शेपूट लहानपणीच कुरतडलेली, अंगानं किरकोळ, तोंड एका बाजूला. त्याचा तुकडा पाठवण्यासारखं काही नाही, पण पंगतीला बसलाय तर वाढलं.

मामा

---

१७ एप्रिल

प्रिय मामा,

यंत्रात बिघाड नाही. तुझ्या हॅचरीतल्या बोटुकल्यांमध्येही सरदाराचं एकही पिल्लू नाही.

सगळ्यांचा बाप फाटक्या आहे.

तुझ्याकडच्या बोटुकल्यांचाही तोच आणि साडूकाकांच्या माशांचाही तोच. तपासलेल्या प्रत्येक जागी त्याचा एक आकडा प्रत्येक पिल्लात आहे. इतकं स्वच्छ उत्तर आम्हाला क्वचित मिळतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तर ते भिंतीवर लावलंय.

मला एवढंच सांग, अंडी फळवताना तुम्ही नक्की काय करता? काही गाळू नकोस.

भाची

---

२० एप्रिल

चि. फौजदारीणबाई,

भाचीला हे असलं लिहिणं बरं दिसत नाही, पण धंद्यात लाज धरून चालत नाही.

मादीची अंडी कोरड्या घमेल्यात काढायची. वर सरदाराचं वीर्य. मग बदकाच्या पिसानं हलक्या हातानं ढवळायचं, मग पाणी. झालं. हां, आता सरदार वयानं मोठा, त्याचं थोडं पातळ असतं. म्हणून आधाराला फाटक्याचेही दोन थेंब वरून घालतो. मीठ कमी पडू नये म्हणून चिमूटभर जास्त टाकावं तसं. दर वेळी घालतो. फाटक्या नेहमी हाताशीच असतो, त्याला दुसरं काम काय?

एवढंच. बाकी सगळं सरदारच करतो.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

म्हणजे गेली इतकी वर्षं मी "सरदाराचं बीज" म्हणून जे देत आलो ते या तिरक्या तोंडाच्याचं? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! आणि गिऱ्हाइकं मला सांगायची, "वा, काय राजबिंडी पिल्लं आहेत!"

पण थांब. एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. फाटक्या वाटणीत माझ्याकडे आला, तेव्हापासून कधी टाकीबाहेर गेला नाही, आणि साडूचे हे मासे तर वाटणीनंतर जन्मलेले. मग साडूच्या तळ्यात फाटक्याची पिल्लं आली कुठून? माझ्याकडूनच की! म्हणजे चोरी झालीच! मी म्हणत होतो ते खरं निघालं, नुसता बाप चुकला!

तेव्हा आता असं कर. दाखल्यावर फाटक्याच्या जागी सरदार असं लिही. मासे दोन्ही माझेच, टाकी शेजारची. आकडे कोण वाचतंय? चोर पकडला जाईल आणि सरदार घरी राहील.

मामा

---

२१ एप्रिल

बाळ,

हे पत्र वाचून चुलीत घाल. तुमच्याकडे चूल नसेल तर फाड.

तुझ्या मामांनी घरभर नाचत मला सांगितलं की चोरी सिद्ध झाली. चोरीबिरी काही नाही. वाटणीनंतरच्या दुसऱ्या वर्षी धाकटीच्या तळ्यातलं सगळं बीज एका आठवड्यात मेलं. ती बाजारात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, भर भाजीच्या गाड्यासमोर. मी काय करायला हवं होतं? पाण्याच्या दोन पिशव्या भरून पिल्लं तिला दिली. तुझ्या मामांना वाटलं बगळ्यांनी नेली, तेव्हापासून ते बगळ्यांना दगड मारतात.

आयजीच्या जिवावर बायजी उदार झाली, कबूल. पण आयजी माझाच नवरा आणि बायजी मीच, त्यात तिसऱ्याचं काय गेलं?

धाकटीनं तिच्या नवऱ्याला सांगितलं, सरकारी केंद्रातून आणली. तो बिचारा साधा आहे, मनापासून मानतो. आणि हे त्याला सभेत चोर म्हणणार. मी काय करू ते सांग.

मामी

---

२४ एप्रिल

प्रिय मामा,

फाटक्याच्या जागी सरदार लिहिणार नाही. तुझ्यासाठी मी पुष्कळ काही करीन. मागे तू माझ्या बाबांना सायकल बिघडली म्हणून सांगितलंस आणि मला जत्रेला नेलंस, ते मी विसरलेले नाही. पण आकडे बदलणार नाही. उद्या कुणी माझ्या कुठल्याच दाखल्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि पहिला तूच ठेवणार नाहीस.

खरा दाखला सोबत आहे. त्यात लिहिलंय की तळ्यातल्या माशांचा बाप सरदार नाही. ते कुणाचे आहेत, ते दुसऱ्या कागदावर आहे. कोणता कागद सभेत काढायचा ते तू ठरव.

फक्त एक कर. साडूकाकांना चोर म्हणण्याआधी मामीपाशी बस आणि तिला विचार की तुझ्या हॅचरीतून बाहेर काय काय गेलं. आवाज चढवू नकोस. पिल्लं बाहेर कशी गेली हे माझं यंत्र सांगत नाही.

भाची

---

३ मे

चि. फौजदारीणबाई,

सभा झाली.

आदल्या संध्याकाळी मामीला विचारलं. ती भांडी पुसत होती. पुसायची न थांबता म्हणाली, "चोर मीच. उद्या सभेत माझं नाव घ्या, अक्षरं चुकवू नका." मी पुष्कळ बोलणार होतो. पण मग तिनं बाजारातलं सांगितलं, धाकटी कशी रडली ते. तीन वर्षं मी साडूचं नाव काढलं की ही उठून आत जायची, ती का जायची ते मला तेव्हा कळलं. दोघा अडाण्यांच्या अहंकारापायी दोन बहिणी भाजीच्या गाड्यापाशी भेटत होत्या. मला माझीच लाज वाटली. तुला लिहितोय, बाहेर बोलू नकोस.

सभेत अध्यक्षांनी विचारलं, "बोला, काय सिद्ध झालं?" साडू समोर नवा शर्ट घालून बसला होता. दुसरा कागद माझ्या खिशात होता. तो काढला असता तर साडू चोर ठरला असता, नाहीतर बायको. मी पहिला काढला आणि म्हणालो, "ही पिल्लं माझ्या सरदाराची नाहीत. मी खोटा आरोप केला. माफी मागतो." त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

साडूचा चेहरा पडला. जिंकल्यावर माणसाचा असा चेहरा होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाला, "जाऊ द्या हो, रागाच्या भरात बोलतो माणूस. सरदार राहू द्या तुमच्याकडे." पण शब्द म्हणजे शब्द.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत ताडपत्रीची टाकी करून सरदाराला नेला. वाटभर पाण्यात हात घालून बसलो होतो. तळ्यात सोडला तर निघेना, माझ्या घोट्यापाशी घुटमळत राहिला. मग गेला. मला रडू आलं. साडूनं तोंड फिरवलं आणि विचारलं, "चहा घेणार?" तीन वर्षांनी त्याच्या घरी चहा घेतला. साखर अजून तेवढीच जास्त घालतो.

आता रोज सकाळी त्याला नवं पाणी मानवलं का, तो खातो का, एवढं बघून येतो. मामीही येते. ती पाणी बघत नाही, आत धाकटीशी बोलत बसते. निघायला एवढा उशीर करते की जेवूनच यावं लागतं.

तर आता काम. साडूनं तळ्याला पाटी लावली आहे, "सरदाराचं तळं". अक्षरं कोणत्या रंगात काढू म्हणून मला दोनदा विचारायला आला. पुढच्या हंगामात सरदाराकडून बीज काढणार म्हणून लहान मुलासारखा खूश आहे. सरदार कुणाचा बाप होणारा नाही हे त्याला कळता कामा नये. त्यानं तुकडे पाठवले तर तू तोंड उघडायचं नाहीस. आकडे बदल असं मी म्हणत नाही. नुसतं गप्प बस.

फाटक्याला सगळ्यात चांगली टाकी दिली आहे. त्याला काही फरक पडलेला दिसत नाही.

तुझा,
मामा

---

१९ जून

चि. सौभाग्यकांक्षिणीस साडूकाकांचा आशीर्वाद.

आपला पत्रव्यवहार कधी झाला नाही, पण काम नाजूक आहे. तुझ्या मामांना यातलं एक अक्षर कळवू नये.

सरदाराकडून पहिलं बीज काढलं. फक्त त्याच्याकडूनच, दुसऱ्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली. एकही फळलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मासा दिसायला राजा आहे, पण बाप व्हायचं त्याच्या नशिबात नाही.

आता हे तुझ्या मामांना कसं सांगायचं? ते रोज सकाळी येतात, स्टूल टाकून काठाशी बसतात, शीळ घालतात. तो मासा त्यांचा जीव आहे. एका शब्दाखातर त्यांनी तो मला आणून दिला. माझ्यानं तसं झालं नसतं. म्हणून तिसऱ्या खेपेला मी माझ्या एका साध्या नराकडून अंडी फळवून घेतली आणि त्यांना सांगितलं, ही सरदाराची पिल्लं.

त्यांनी ओंजळीत घेऊन बराच वेळ बघितली. मग डोळे पुसत म्हणाले, "हुबेहूब बापावर गेलीत." मला गलबलून आलं. इतकी वर्षं ज्याला बाप समजत आले, त्याला मूलच होत नाही, हे या वयात त्यांना कळलं तर खचतील.

ते हौसेनं तुझ्याकडे तुकडे पाठवतील अशी भीती वाटते. पाठवले तर काहीतरी कारण सांग. एवढी कृपा कर.

तुझे,
साडूकाका

---

२८ जून

ती. मामांस व ती. साडूकाकांस,

एकच पत्र दोन पाकिटांत पाठवते आहे, म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी असं व्हायला नको.

आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं आहे. कार्प माशांसाठीच बिघडलं आहे, बाकीचं नीट चालतं. दुरुस्तीला बरीच वर्षं लागतील असा अंदाज आहे. तरी दोघांपैकी कुणीही माशाचा एकही तुकडा पाठवू नये, पाठवल्यास न उघडता परत येईल.

तोवर तळ्यातल्या पिल्लांचा बाप कोण, हे तुम्ही दोघांनी रोज सकाळी काठावर शेजारी शेजारी बसून आपसात ठरवावं.

तुमची दोघांची,
भाची